चळवळीची चूल



गावच्या हॉटेलाबाहेर आपल्यासाठी ठेवलेला वेगळा कप ज्यांनी स्वतःच्या हाताने विसळून पुन्हा उपडा ठेवला आहे, त्यांना आज आम्ही सातासमुद्रापलीकडच्या एका हॉटेलची हकिकत सांगणार आहोत.

अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लिन्स हे शहर आहे. तेथील ट्रेमे भागातील काळ्यांच्या वस्तीत १९४१ साली ‘डूकी चेस’ हे हॉटेल सुरू झाले. प्रारंभी ते सँडविच आणि लॉटरीची तिकिटे विकणारे कोपऱ्यावरचे छोटे दुकान होते. काळ्या मजुराला बँक उभे करीत नसे. मग शुक्रवारी पगाराचा चेक याच हॉटेलात वटवायचा, काहीतरी खायचे आणि चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलून घरी जायचे, असा वस्तीचा रिवाज पडला.

१९४६ साली या घरात लिया नावाची सून आली. लग्नापूर्वी ती गोऱ्यांच्या हॉटेलात वाढण्याचे काम करी. तेथे काळ्या बाईने वाढायचे. पण गिऱ्हाईक म्हणून त्याच टेबलावर बसायचे नाही! सासरी आल्यावर लियाबाईंनी आपल्या हॉटेलातील टेबलांवर पांढऱ्याशुभ्र चादरी अंथरल्या, भिंतींवर काळ्या चित्रकारांची चित्रे लावली. आपल्या माणसालाही मानाने बसता आले पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट होता.

काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून जेवणे त्या काळी तेथे कायद्याविरुद्ध होते. तरीही या हॉटेलच्या माडीवर दोन्हीकडचे कार्यकर्ते जमत. मार्टिन ल्यूथर किंग येथे येऊन गेले. बसप्रवासातील भेदभाव मोडण्यासाठी १९६१ साली जिवावर उदार होऊन निघालेले ‘फ्रीडम रायडर्स’ येथेच जेवले. लियाबाई त्यांना ‘गम्बो’ नावाचा तिकडचा दाट रस्सा आणि तळलेली कोंबडी वाढीत. १९६५ साली हॉटेलवर बॉम्ब फेकला गेला. पण चूल विझली नाही.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सर्व हॉटेलांची दारे काळ्यांना उघडली. तरी वस्तीने डूकी चेस सोडले नाही. २००५ च्या कतरिना वादळात हॉटेल पाण्याखाली गेले, दोन वर्षे बंद राहिले. २००७ साली ते पुन्हा उघडले, तेव्हा ऐंशी पार केलेल्या लियाबाई पुन्हा चुलीपुढे उभ्या होत्या. २०१९ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्या देशात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या संविधानाने कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि पाणवठे सर्वांना खुले केले. तेही अमेरिकेच्या त्या कायद्याच्या चौदा वर्षे आधी, १९५० साली! परंतु कायदा दार उघडतो, पान कोणीतरी मांडावे लागते. ते मांडणाऱ्याची आठवण आपण ठेवतो काय?

येथे आम्ही आमचीच चूक कबूल करतो. आजवर आम्ही कितीतरी सभांचे आणि शिबिरांचे अहवाल लिहिले. त्यांत अध्यक्षांचे नाव आहे, वक्त्यांचे आहे, देणगीदारांचे तर रकमेसह आहे. पण पहाटे चारला उठून शंभर माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या भगिनींचे नाव एकाही अहवालात नाही. मीटिंग लांबली की उधारीवर चहा पाठवणाऱ्या कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याचेही नाही. चळवळ भाषणांवर जेवढी चालली, तेवढीच या माणसांवरही चालली.

म्हणून आमची विनंती आहे. येत्या भीमजयंतीला आपल्या वस्तीतील अशा एका तरी माऊलीला व्यासपीठावर बसवा. तिला फूल देऊन वाटेला लावू नका, तिला बोलू द्या. आणि त्या दिवशी वाढण्याचे काम पुढाऱ्यांनी करावे. आम्हीही हातात पळी घेऊन उभे राहू.

जयभीम!