माल आधी की गिऱ्हाईक आधी?

धंदा काढावयाचा म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'भांडवल किती लागेल?' दुसरा, 'मशीन कोणती घ्यावी?' माल तयार होऊन पडला की मग तिसरा प्रश्न सुचतो, 'विकावयाचा कोणाला?' आमच्या मते हा क्रमच उलटा आहे.

निरमाचे उदाहरण पाहा. गुजरात सरकारच्या नोकरीत असलेल्या करसनभाई पटेल यांनी १९६९ साली अहमदाबादेत घरच्या घरी धुण्याची पावडर बनविली आणि सायकलवरून दारोदार विकली. तिचा भाव सर्फच्या निम्म्याहून खूपच कमी होता. बड्या कंपनीचे लक्ष महाग पावडर घेणाऱ्या घरांकडे होते. साबणाच्या वडीने कपडे घासणारी गृहिणी तिच्या हिशेबातच नव्हती. करसनभाईंनी नेमके तेच गिऱ्हाईक निवडले. भाव त्या गृहिणीच्या ऐपतीला जुळणारा ठेवला आणि विक्री तिच्या दारात नेली. पुढे निरमाला तोंड देण्यासाठी हिंदुस्थान लीव्हरला १९८० च्या दशकात 'व्हील' ही स्वस्त पावडर आणावी लागली.

यातून 'स्वस्त विका' एवढाच धडा घेणे चुकीचे ठरेल. विकणारा स्वतः दारात उभा राहिला की गिऱ्हाईकाची गरज त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागत नाही, हा खरा धडा आहे.

आता मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळू. तेथील अनेक छोटे मागवाले मजुरीवर विणतात. सूत व्यापाऱ्याचे, कापडही पुन्हा व्यापाऱ्याकडे. ते शेवटी कोणाच्या अंगावर गेले, दोन धुण्यांत रंग उतरला की टिकला, हे विणणाऱ्याला कळतच नाही. गिऱ्हाईकाला जो ओळखतो, भाव तोच ठरवितो. मंदी आली की पहिली कात्री मजुरीला लागते, ती याचमुळे.

'आमच्याकडे भांडवल कोठे आहे?' असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सगळे माग स्वतःच्या सुतावर चालविणे प्रत्येकाला झेपणार नाही. पण दहांपैकी एका मागावर स्वतःचा माल काढून पाहता येईल. त्याआधी आठवडे बाजारात फिरावे. लुंगी, परकर, ओढणी घेणारा काय विचारतो, किती लांबी-रुंदी मागतो, कोणत्या भावाला हात आखडता घेतो, हे टिपून ठेवावे. मग एकाच प्रकारचा थोडा माल दोन-चार दुकानांत ठेवावा. दुकानदाराला पुरेसा नफा सुटतो का आणि उधारी किती दिवसांची लागेल, हे आधीच बोलून घ्यावे.

पहिली विक्री ओळखीपाळखीनेही होते. तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येऊन तोच माल मागू लागले, तर धंदा जमला असे समजावे. तोपर्यंत कर्ज काढून नवे माग बसवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.