मौन कोठवर?

मुनीम कसा असावा? हिशेब जुळला तर शांत. तूट आली तर तत्काळ सांगणारा. संगणकाच्या आज्ञावलीलाही हाच नियम लागू पडतो.

स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेली ‘कर्ल’ ही फायलींची ने-आण करणारी आज्ञावली. पेढीच्या हिशेबाची प्रत रोज रात्री दूरच्या संगणकावर धाडण्याचे काम तिच्यावर सोपवता येते. प्रगतीचे आकडे नकोत म्हणून केवळ ‘सायलेंट’ हा पर्याय दिला, तर आकड्यांबरोबर चुकीची सूचनाही लोपते; प्रत पोहोचलीच नव्हती, हे गरज पडेल त्या दिवशी कळते. सोबत ‘शो-एरर’ दिल्यास चूक तेवढी बोलते. वेबमार्गे आलेला सर्व्हरचा नकारही चूक ठरावा, यासाठी ‘फेल’ जोडावा.

दोष शोधताना मात्र ‘व्हर्बोज’ लावून सारा संवाद पाहावा. त्यात उजवीकडे वळलेला बाण गेलेली विनंती दाखवतो, डावीकडे वळलेला आलेले उत्तर. हा संवाद तज्ज्ञाकडे पाठवण्यापूर्वी त्यातील परवलीचे शब्द खोडावेत. दोष सापडताच तो पर्याय काढावा. रोजच्या गलक्यात खरी हाक ऐकू येत नाही.