पुटिकांना कचरा म्हणणाऱ्यांना

रोगप्रतिकारक पेशी पुटिकांत, म्हणजे बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांत, भरून मायक्रोआरएनए हा सूक्ष्म आरएनए दुसऱ्या पेशीपर्यंत पोचवतात ही निव्वळ आवई आहे, असे एका विद्वानांनी व्याख्यानात ठणकावून सांगितले. पुटिका म्हणजे पेशीचा कचरा, त्यात आरएनए नगण्य आणि पोचलाच तरी निष्प्रभ, एवढाच त्यांचा युक्तिवाद.

कचऱ्याचा मुद्दा १९८३ चा. अपक्व तांबड्या पेशी नको असलेली प्रथिने अशा पुटिकांतून टाकतात, हे तेव्हा दिसले आणि ते खरेच आहे. पण बी पेशींच्या पुटिका टी पेशींना चेतवतात, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले. वाद तेव्हाच मिटायला हवा होता.

त्यांचा हुकमी एक्का मात्र सरासरी. २०१४ च्या मोजणीत विपुल असलेल्या मायक्रोआरएनएचाही एक रेणू सापडायला सरासरी शंभरावर पुटिका लागतात असे दिसले. मोजणी मला मान्य, निष्कर्ष नाही. राज्यात पाऊस सरासरीइतका झाला म्हणून दुष्काळी माण तालुक्यातले पाण्याचे टँकर कोणी बंद करत नाही. बहुतेक पुटिका रिकाम्या आणि मोजक्याच भरलेल्या असतील, तर सरासरी हीच येईल. शिवाय हा माल नेहमी रक्तभर विखुरतो असे थोडेच आहे? टी पेशी प्रतिजन दाखवणाऱ्या पेशीला अगदी खेटते आणि त्या सांध्यातूनच मायक्रोआरएनए पलीकडे जातो, तोही एकाच दिशेने. माद्रिदमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे दाखवले. पुटिका तयार करणारे विकर रोखले, की ही ने-आण मंदावते. कचऱ्याला दिशा कुठून आली, हे या विद्वानांनी एकदा सांगावे.

प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या माध्यमात गाईच्या सिरममधला आरएनए मिसळतो, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी प्रयोग काटेकोर हवेत, विषय मोडीत काढायला नको.

मंडन थोडक्यात करतो. २०१५ मध्ये डेंड्रायटिक पेशींच्या पुटिका उंदरांना दिल्या गेल्या. त्यांत मिआर-१५५ हा मायक्रोआरएनए असेल, तर जिवाणूविषाने होणारा दाह वाढला. मिआर-१४६ए हा दुसरा मायक्रोआरएनए असेल, तर तो कमी झाला. वाहन तेच, माल वेगळा, परिणाम उलटा. परिणाम मालाचाच आहे, असे मी म्हणतो. ज्यांना हे अमान्य आहे, त्यांनी सरासरी बाजूला ठेवून या प्रयोगाला उत्तर द्यावे.