कीड आधी कोणाच्या नजरेस पडते?

आखाताचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर तेल आणि उंच इमारती येतात. परंतु संयुक्त अरब अमिरातीतील उम्म अल कुवैन या लहानशा अमिरातीत, समुद्रापासून दूर आतल्या भागात, फलज अल मुअल्ला येथे शेती आहे, खजुराची झाडे आहेत. खजुराचा मोठा शत्रू म्हणजे लाल सोंड्या भुंगा. हा मूळचा दक्षिण आशियाकडचा. कोकणातील नारळही तो पोखरतो. 1980 च्या दशकात तो आखातात पोहोचला.

याची अळी खोडाच्या आत लपून असते. खोडातून तपकिरी रस गळतो, भुसा बाहेर पडतो, आंबूस वास येतो. ही खूण वेळीच ओळखली तर झाड वाचू शकते; शेंडा कोलमडल्यावर बहुधा उशीर झालेला असतो. ही पहिली खूण सल्लागाराला दिसत नाही, ती रोज पाणी देणाऱ्या मजुराला दिसते. अमिरातीत हा मजूर बहुधा भारत, पाकिस्तान वा बांगलादेशातून आलेला असतो. जागतिक अन्न व शेती संघटनेने झाडांच्या तपासणीची नोंद ठेवण्यासाठी ‘सूसा हमरा’ हे मोबाईलवरील साधन तयार केले आहे. ते उपयुक्तच आहे. पण मजुराने पाहिलेले त्याच्या भाषेतून वर पोहोचले नाही, तर नोंद अपुरीच राहील.

या बाबतीत महाराष्ट्राकडून शिकण्यासारखे आहे. 2018 साली अमेरिकन लष्करी अळी भारतात आली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यावर व उसावर दिसली. उसावरील तिची शास्त्रीय नोंद करणाऱ्यांत कीटकशास्त्रज्ञ अंकुश चोरमुले होते. फेसबुक व व्हॉट्सॲपवरील ‘होय आम्ही शेतकरी’ या समूहाशी ते निगडित आहेत. तेथे शेतकरी आणि जाणकार मराठीतून बोलतात. शेतकरी नुसता ऐकणारा राहत नाही. तो विचारतो आणि स्वतःचा अनुभवही सांगतो.

मात्र सावधपणा हवा. छायाचित्राला वास नसतो आणि खोडाच्या आतले त्यात दिसत नाही. औषधाचे प्रमाण कोणा अनोळखी माणसाने सांगितले, किंवा सल्ला देणाराच औषध विकणारा असला, तर नुकसान शेतकऱ्याचेच होते. सल्ला देणाऱ्याचे नाव ठाऊक असावे आणि गरज पडल्यास त्याने बांधावर यावे, असे आम्हांस वाटते.

आपले पूर्वज या बेटावर उसाच्या मळ्यांत राबले. उसाचे दुखणे त्यांच्या नजरेस आधी पडत असेल. पण त्यांना विचारणार कोण? आज फोन हाती आहे. राबणाऱ्याला विचारण्याची सवय तेवढी आपण लावून घेतली पाहिजे.