कैद्याला पडलेली मते

8 मे 2012 रोजी वेस्ट व्हर्जिनियात डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदासाठी प्रायमरी झाली. बराक ओबामा विद्यमान अध्यक्ष. उमेदवारी त्यांचीच हे ठरल्यासारखे होते. मतपत्रिकेवर दुसरे नाव एकच, कीथ जड. खंडणीच्या गुन्ह्यात टेक्सासच्या तुरुंगात असलेल्या या माणसाने अडीच हजार डॉलर शुल्क भरून अर्ज पाठवला होता. त्याची ना सभा झाली, ना प्रचार. तरी दर दहा मतदारांपैकी चौघांनी त्याला मत दिले. असे काही घडले की हौशी उमेदवारांना मतपत्रिकेवर थाराच नको, असा सूर निघतो. मला तो सर्वस्वी चुकीचा वाटतो.

ही मते जडसाठी नव्हतीच. दोनच आठवड्यांनी शेजारच्या केंटकीत सुमारे 42 टक्के मतदारांनी ‘कोणाशीही बांधील नाही’ हा पर्याय निवडला, आणि त्याच दिवशी आर्कान्सात जॉन वुल्फ या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या वकिलाला जवळपास तितकीच मते पडली. तीन राज्यांत तीन वेगळे पर्याय आणि आकडा मात्र एकच, हा योगायोग नव्हे. वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी ही कोळशाची राज्ये. पर्यावरणाच्या नव्या नियमांनी खाणीतली रोजी जाईल ही तिथली धास्ती होती. वजनदार नेते विद्यमान अध्यक्षाविरुद्ध सहसा उभे राहत नाहीत, मग नाराज मतदाराने बोट ठेवायचे कुठे?

या नाराजीत वर्णद्वेषही होता, असे म्हटले जाते. काही मतांमागे तो असेलही. मतमोजणी हेतू सांगत नाही. पण नाव काढून टाकल्याने द्वेष जात नाही आणि धास्तीही जात नाही, फक्त दोन्ही दिसेनासे होतात. शुल्क वाढवा, हजारो सह्या मागा, हा उपायही तकलादू आहे, कारण पैसेवाला हौशी त्यातूनही पार होतो. आपल्याकडे 2013 पासून ‘नोटा’चे बटण आहे. केंटकीसारखा तसा पर्याय प्रत्येक राज्याने द्यावा आणि किरकोळ नावेही राहू द्यावीत. त्या मे महिन्यातला इशारा खरा होता: नोव्हेंबरमध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या 55 पैकी एकाही काउंटीत ओबामा जिंकले नाहीत.