थरथरता हात

गेल्या दिवाळींत आमच्या वडील बंधूंचें पत्र आलें. एके काळीं त्यांचें अक्षर मोत्यांसारखें. या पत्रांत मात्र तें ओळीगणिक बारीक होत जाऊन शेवटीं मुंगीएवढें झालेलें. “आपणच आम्हांस वळण लावलेंत, आणि आतां हा आळस?” असें मीं उलट टपालीं लिहिलें. पुढें भेटीस गेलों, तों त्यांचा उजवा हात मांडीवर स्वस्थ असतांही कांपत होता. “वय झालें, चालायचेंच,” असें घरची मंडळी म्हणत. डॉक्टरांनीं तपासून कंपवात सांगितला. बारीक अक्षर हेंही त्याचेंच लक्षण! माझें पत्र आठवून मला लाज वाटली.

या रोगाचें वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं केलें. त्याचें मर्म कळावयास मात्र आणखी सुमारें दीडशें वर्षें लागलीं. मेंदूंतील दोन पेशींच्या सांध्यांत मिलिमीटरच्या सुमारें ५०,००० व्या भागाएवढी फट असते. ती ओलांडून निरोप नेण्यास रासायनिक दूत लागतो. स्वीडनचे वैद्य-संशोधक आर्विद कार्लसन यांनीं १९५७ सालीं सशांस रिसर्पीन दिलें. हें द्रव्य आपल्या सर्पगंधेंत असतें. ससे निश्चेष्ट झाले. डोपा टोंचतांच पुन्हा हालूं लागले. डोपापासून डोपामीन बनतें. तेंच हालचालीचा दूत होय, असें त्यांनीं ताडलें. १९६० मध्यें व्हिएन्ना येथें ओलेह हॉर्निकीविच यांस मृत कंपवातरोग्यांच्या मेंदूंत हाच दूत फार घटलेला आढळला. कार्लसन यांस २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आपले वैद्य वातविकारांत खाजकुइलीचें बीं देत. त्यांत हाच डोपा आहे. म्हणून “सर्व आमच्याकडे होतेंच” असें म्हणणें मात्र रास्त नव्हे. ओषधी ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हतें. शिवाय घरच्या चूर्णांत डोपा किती, हें डोळ्यांस दिसत नाहीं. डॉक्टरांस विचारल्याविना तें घेऊं नये.

आजचें औषध दूताची उणीव भरून काढतें. क्षीण होणाऱ्या पेशी वांचवीत नाहीं. तें वेळच्या वेळीं द्यावें, आपल्या मतानें एकाएकीं बंद करूं नये.

असो. परवां बंधूंचें पत्र आलें. अक्षर बारीकच आहे. मीं भिंग घेऊन तें दोनदां वाचलें, आणि उत्तरांत केवळ कुशल विचारलें.