दिवा टाकीचा, उजेड घरादाराला

समुद्री टाकी पाळणाऱ्या मंडळींशी माझं एक जुनं भांडण आहे. आज ते सविस्तर भांडून टाकतो.

टाकीवर टांगलेल्या दिव्याचा जो उजेड पाण्यात शिरत नाही, तो प्रवाळांच्या कामाचा नाही आणि माशांच्याही नाही. तो फक्त घरातली बाकीची माणसं भोगतात. तो अडवणं हे टाकीवाल्याचं काम आहे. घरच्यांनी डोक्यावर उशी घ्यायची, दिवाण दुसऱ्या भिंतीला सरकवायचा, शेजाऱ्यांनी जाड पडदे शिवून घ्यायचे, हे उपाय नव्हेत. ही दादागिरी आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "अरे, रीफ टँक आहे. लाइट तर लागणारच!"

नातेवाइकांपैकी ज्यांनी असली टाकी पाहिली नाही त्यांच्यासाठी: रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याची काचेची पेटी, तिच्यात मासे आणि जिवंत प्रवाळ. प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, ती उजेडावर अन्न बनवतात आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतात. म्हणून उजेड लागतो, हे खरंच. (घाटावर राहून समुद्र पाळणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते आमच्या गावाने इंग्रजीला आधीच देऊन ठेवलंय. जहाजाची वाट बघत इथल्या छावणीत ताटकळणारे गोरे सोल्जर भ्रमिष्ट व्हायचे म्हणे, त्यावरून 'डुलाली' हा शब्द देवळालीचाच.)

पण किती लागतो? आणि कुणाला?

आपल्याकडे दगडी प्रवाळ, म्हणजे ज्यांच्या सांगाड्यांनी खरे रीफ बनतात ते, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ साली ते त्यात घातले गेले, समुद्रपंखेही त्यांच्याबरोबर गेले. वाघाला जे संरक्षण तेच यांना. घरात ठेवायचा प्रश्नच नाही, आणि ते योग्यच आहे. आपल्या किनाऱ्यावर मालवणला थोडेफार उरलेत, तिथेच राहू देत. मग कायदा पाळणाऱ्याच्या टाकीत राहतं काय? लेदर, मशरूम असली मऊ मंडळी. छंदातले लोक उजेड पीएआर या मापात मोजतात, शैवालाला वापरता येईल तेवढाच उजेड त्यात धरतात. या मऊ मंडळींना ५० ते १५० पीएआर पुरतो असा ठोकताळा आहे. परदेशातले लोक जे फांद्याफांद्यांचे दगडी प्रवाळ वाढवतात त्यांना अडीचशे-साडेतीनशे. आणि आमचे लोक दिवा कुठला आणतात? तो परदेशवाल्याचा! शंभर टक्क्यांवर चालवतात, मशरूम आक्रसून बसले की दिवा फूटभर वर उचलतात, आणि मग तो उजेड टाकी सोडून सगळ्या हॉलला आंघोळ घालतो. उजेड जास्त झाला तर तो कमी करायचा असतो, वाटायचा नसतो.

आता थोडं शाळेतलं विज्ञान, कारण माझ्या सगळ्या भांडणाचा पाया तिथे आहे.

हवेतून पाण्यात शिरणारा किरण वाकतो. तो कितीही तिरपा आला तरी पाण्यात गेल्यावर उभ्या रेषेपासून साधारण ४८.६ अंशांपेक्षा जास्त कलू शकत नाही. असा किरण बाजूच्या काचेवर जाऊन आपटला की दोन शक्यता. तो बऱ्यापैकी सरळ खाली आलेला असेल तर काचेतून बाहेर पडूच शकत नाही, आरशावरून परतावा तसा आत परततो. कागदावर गणित मांडून बघा: हवेत असताना उभ्या रेषेपासून साधारण ६२ अंशांच्या आत असलेला प्रत्येक किरण असा बाजूच्या काचांमध्ये कोंडला जातो. पंपाच्या लाटांनी थोडं इकडेतिकडे होतं, तेवढं सोडा. म्हणजे वरून नीट पाडलेला उजेड पाणी स्वतःच धरून ठेवतं. मासे आणि वाळू आपल्याला दिसतात ती त्यांच्यावरून विखुरलेल्या उजेडाने. तो मवाळ असतो, आणि तो बघायलाच तर टाकी आणली.

डोळ्यांत घुसतो तो उजेड दोनच वाटांनी येतो. एक तर पाण्यावर अतितिरपा पडणारा, जो काचेतून सुटतो किंवा पाण्यावरूनच उडतो (८० अंशांच्या तिरपेपणाला जवळजवळ तिसरा हिस्सा पृष्ठभागावरूनच परत फिरतो). दुसरा पाण्याला न शिवता दिवा आणि काठ यांच्या फटीतून सरळ बाहेर येणारा. हे दोन्ही वाया गेलेले उजेड आहेत. ते अडवले तर टाकीतल्या एकाही जिवाचं फारसं काही कमी होत नाही. "प्रवाळांसाठी सहन करा" म्हणणाऱ्याने आधी हे खोडून दाखवावं.

नाशिकरोडचा माझा एक मित्र हे सगळं मान्य करतो आणि तरी शेड लावत नाही. म्हणतो, "शेड लावली की टाकी खोक्यासारखी दिसते. उघडी टाकी, वर तरंगता दिवा, ती मजाच वेगळी." मजा असेल. फोटोत तर आहेच. पण फोटो काढणारा उभा असतो, दोन मिनिटं असतो आणि मग जातो. आमच्या कॅम्पातल्या जुन्या कौलारू घरात हॉल हीच झोपायची खोली आहे. अण्णा बारा महिने तिथल्या दिवाणावर झोपतात, आणि मे महिन्यात देवळालीची हवा खायला तुम्ही सगळे येता तेव्हा जमिनीवर गाद्यांची रांग लागते. गादीवर आडव्या पडलेल्या माणसाला टाकीचा काठ वर असतो आणि त्याच्याही वर दिवा. तो खालून थेट दिव्यात बघतो. रेंजवरच्या तोफांच्या आवाजात आम्ही गाढ झोपतो, तो सवयीचा झालाय. डोळ्यांत रोखलेल्या एलईडीची सवय कुणाला होत नाही. सत्तरीच्या माणसाला तर नाहीच नाही.

आणि हा उजेड साधा नसतो, निळा असतो. समुद्रात खोलवर पोचतो तो निळाच, त्यामुळे प्रवाळातल्या शैवालांना तोच पट्टा मानवतो आणि टाकीचे दिवे ४५० नॅनोमीटरच्या आसपास भरपूर जोर लावतात. आता माणसाचं बघा. झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं मेलाटोनिन कुठल्या उजेडाने सर्वांत जास्त दबतं, हे २००१ साली मोजून झालंय: ४४६ ते ४७७ नॅनोमीटर. म्हणजे घरातल्या सगळ्या दिव्यांमधून माणसाची झोप उडवायला नेमका कुठला निवडावा असं कुणी विचारलं तर उत्तर टाकीवर टांगलेलं आहे! वर काही लोक मोबाइलवर लक्स मोजून दाखवतात. "बघ, दिवाणापाशी किती कमी आहे." लक्स हे माप हिरव्या-पिवळ्या उजेडाला झुकतं माप देतं, निळ्याला जवळजवळ मोजतच नाही. त्या आकड्याने स्वतःची समजूत घालता येते, अण्णांची झोप नाही आणता येत.

यातला सगळ्यात वात्रट प्रकार म्हणजे 'मूनलाइट'. दिवे मालवल्यावर रात्रभर दोन-चार निळे एलईडी चालू ठेवायचे आणि म्हणायचं, समुद्रात नाही का चांदणं पडत? पडतं. भर पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास भरतं, रोज रात्री नसतं आणि निळंही नसतं. प्रवाळांना या चंद्राचं किती पडलेलं असतं ते तर ऐकाच. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर डझनावारी जातींचे प्रवाळ पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्रींत एकदम अंडी-बीज सोडतात, हे १९८४ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. आणि २०२३ साली जगभरच्या नोंदी ताडून असं दिसलं की किनाऱ्यावरच्या कृत्रिम उजेडात राहणारे रीफ हे काम एक ते तीन दिवस आधीच उरकतात. सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामधला जो काळोख त्यांना खूण म्हणून हवा असतो तोच दिव्यांनी पुसला जातो. मग टाकीतल्या प्रवाळासाठी रात्रभर निळा दिवा लावणं हे कौतुक कसलं? दिवसाचे आठ-नऊ तास पुष्कळ झाले. आमच्याकडे साडेनऊला पूर्ण काळोख होतो. ऑफिसातून उशिरा येऊन टाकी बघायची हौस असेल तर ती हौस कुणाची आहे ते प्रामाणिकपणे म्हणा, प्रवाळांच्या नावावर खपवू नका.

शेडबद्दलचं अज्ञान फार आहे म्हणून माप सांगून टाकतो. आमचा दिवा काठापासून ९ इंच वर आहे. एलईडीच्या अगदी मागच्या ओळीपासून समोरच्या काचेपर्यंत आडवं अंतर १५ इंच. त्याच ओळीपासून ५ इंच पुढे पट्टी लावायची तर ती किती खाली हवी? पंधराला नऊ, तर पाचाला तीन. तीन इंच. बस. एवढ्याने काठाच्या पुढे थेट उजेड जात नाही. मागची ओळ धरायची हे महत्त्वाचं, पुढची धरून मोजलं तर मागच्या ओळीचा उजेड पट्टीखालून निसटतो. दुकानदार म्हणतो तसं नुसती अरुंद लेन्स घेऊन भागत नाही. १२० अंशांच्या ऐवजी ९० अंशांची घ्याच, पण तो कोन म्हणजे कात्रीने कापलेली कड नसते, त्याच्या बाहेरही उजेड सांडतो. पट्टी मात्र कडक असते. काळा सनबोर्ड चालतो, आतून चकचकीत काही चिकटवू नका, नाहीतर एका बाजूचा उजेड दुसऱ्या बाजूने भिंतीवर नाचतो. १९७१च्या लढाईतला ब्लॅकआऊट अण्णांनी पाहिलाय, खिडक्यांना काळे कागद लावायचे. आमच्या पट्टीला ते ब्लॅकआऊटच म्हणतात.

"एवढ्याशा उजेडावर एवढं काय?" असंही कुणी म्हणेल. खिडकीतून बाहेर बघा. लॅम रोडवर फिरायला निघालं की बंगल्यांच्या गेटवरचे फ्लडलाइट रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडावर रोखलेले, लॉन्सवाल्यांचे झोत आभाळात. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळवीचे थवे कुठे पडतात ते बघितलं की कुणाचा दिवा कुठे सांडतो ते कळतं. उपाय तिथेही हाच: तोंड खाली, वरून झाकण, लागेल तेवढाच. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ती मिळवताना आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवले. गावंच्या गावं जे करू शकतात ते चार फुटी टाकीवर जमत नाही म्हणता?

राहता राहिली गरम होण्याची तक्रार. ती खरी आहे, एलईडीचा पंखा वरून हवा ओढतो, त्याला कोंडलं तर दिव्याचं आयुष्य घटतं. म्हणून पट्टी दिव्याच्या अंगाला चिकटवायची नाही, अर्धा इंच फट सोडायची, आणि वरची बाजू पूर्ण मोकळी. आम्ही ती दोन चपट्या चुंबकांवर लावलीये. चुंबकांवर प्लास्टिक चढवलेलं हवं, खाऱ्या तुषारांनी उघडं लोखंड महिन्याभरात गंजतं आणि तो गंज पाण्यात पडतो. खाणं घालताना किंवा काच पुसताना पट्टी एका हाताने निघते. फोटो काढायचा असेल तेव्हाही काढा की, कोण नको म्हणतंय. काढून झाला की परत लावा.